एचटीएमएल हाताने लिहावं की एडिटर वापरावा?

काळी पाटी: पाच-दहा पानांची साईट असेल तर एचटीएमएल (वेबपानं ज्या टॅगांच्या, म्हणजे खुणांच्या, भाषेत लिहितात ती) हातानेच लिहावं, टॅग स्वतःच घालणारा एडिटर नको, या मतावर मी ठाम आहे. वर्डमध्ये 'वेब पेज' म्हणून सेव्ह केलेली फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. दोन ओळींच्या मजकुराभोवती 'एमएसओनॉर्मल' क्लास, 'एमएसओ'ने सुरू होणाऱ्या स्टाईल्स, स्पॅन टॅगच्या पोटात स्पॅन, असा नको तेवढा पसारा दिसेल. हाताने लिहिलं तर एक एच१ (मुख्य मथळा) आणि दोन पी (परिच्छेद) टॅग, संपलं! शिवाय सॉफ्टवेअर बंद पडतं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये फ्रंटपेज हा आपला वेबपानांचा एडिटर गुंडाळला. त्याच्या सर्व्हर एक्स्टेन्शन्सवर (साईट ठेवलेल्या संगणकावर बसवायच्या जोड-प्रोग्रॅमवर) चालणारे फॉर्म आणि काउंटर पुढे ती एक्स्टेन्शन्स सर्व्हरवरून काढल्यावर बंद पडले. साधी एचटीएमएल पानं मात्र आजही उघडतात.

निळी शाई: अजिबात पटलं नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा १९९० चा पहिला ब्राउझर एडिटरसुद्धा होता. लोकांनी टॅग टंकत बसावं ही मुळातली कल्पनाच नव्हती. ज्याला विषय कळतो त्याला टॅग यायलाच हवेत, हा हट्ट कशासाठी? एक डिव्ह (पानाचा भाग बांधणारा टॅग) बंद करायचा राहिला की तळटीप बाजूच्या रकान्यात जाऊन बसते, आणि ब्राउझर चूक सांगतही नाही, अंदाजाने पान मांडून मोकळा होतो. नवखा माणूस तिथेच लिहिणं सोडून देतो. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

काळी पाटी: @निळी शाई, ती चूक व्हॅलिडेटर (एचटीएमएल तपासणारा प्रोग्रॅम) ओळ क्रमांकासकट दाखवतो. एडिटरमध्ये होणारी चूक त्यालाही सापडत नाही. अक्षरं मोठी आणि ठळक केली की डोळ्यांना मथळा दिसतो, पण आत एच२ (उपमथळ्याचा टॅग) नसतोच. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे मथळ्यावरून मथळ्यावर जात वाचतात. त्यांना ते पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत बसावं लागतं.

उंबरठा: मुद्दा रास्त आहे, पण दोष एडिटरच्या माथी का? हेडिंगचा पर्याय मेनूत असतोच, लोक तो निवडत नाहीत. आणि हाताने लिहिणारे काय कमी आहेत? डिव्हला मोठा फॉण्ट देऊन मथळा करणारे, चित्राला आल्ट (त्याचं शब्दांतलं वर्णन) न देणारे ढिगाने सापडतील. उलट वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरचा ब्लॉक एडिटर (२०१८, आवृत्ती ५.०) एच२ नंतर थेट एच४ दिला तर आराखड्यात पातळी चुकल्याचं दाखवतो. नोटपॅड दाखवेल?

निळी शाई: आणि मेनूत एक दुवा वाढला तर? दहाच्या दहा फाईली उघडायच्या?

काळी पाटी: मेनूचं मान्य. तो वेगळ्या फाईलीत ठेवून प्रत्येक पानात इन्क्लूड करावा, म्हणजे आपोआप जोडून घ्यावा, एवढं सर्व्हरवर करता येतं. @उंबरठा, मेनूतला 'हेडिंग' लोक निवडत नाहीत, कारण त्याने आत काय बदलतं ते त्यांना कधी दिसतच नाही. निदान एच१ ते एच३, पी, यादी, दुवा आणि आल्टसकट चित्र, एवढं प्रत्येकाने एकदा हाताने लिहावं. मग खुशाल एडिटर वापरा.

उंबरठा: एवढ्याला माझी हरकत नाही. पण तक्ते त्यात घालू नका, ते एडिटरमध्येच बरे.