ज्युलियस न्येरेरे यांना अपयशी म्हणावे का?

दीपमाळ (धागाकर्ता)

टांझानियाविषयी आपल्याकडे जे वाचायला मिळते त्यात दोन गोष्टी हटकून येतात. किलिमांजारो हा पर्वत राणी व्हिक्टोरियाने आपला नातू कैसर विल्हेल्म याला वाढदिवसाची भेट म्हणून दिला आणि त्यामुळे केनियाची रेघेसारखी सरळ सरहद्द नेमकी तिथेच वाकडी झाली, ही पहिली. आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी मूळचा झांझिबारचा, ही दुसरी. दुसरी खरी आहे, पहिली मात्र नाही. ती हद्द १८८६ च्या ब्रिटिश-जर्मन करारात ठरली, तेव्हा विल्हेल्म गादीवर आलेलाच नव्हता, तो आला १८८८ मध्ये. आणि रेघ वळली ती जर्मन हस्तकांनी डोंगराच्या पायथ्याच्या प्रमुखांकडून आधीच करारनामे लिहून घेतले होते म्हणून.

या सगळ्यात टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे राहूनच जातात, आणि आलेच तर एका ओळीत येतात: 'समाजवादाच्या नादात देश कंगाल केला.' ही ओळ मला अन्यायाची वाटते.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या पोटात १२० हून अधिक जमाती होत्या. १९६४ मध्ये झांझिबार जोडले गेले आणि टांझानिया हे नाव आले. या देशाला न्येरेरे यांनी स्वाहिली ही एक भाषा दिली, आणि ती नुसत्या सरकारी हुकमाने दिली नाही. राष्ट्रप्रमुख असताना त्यांनी शेक्सपिअरची 'ज्युलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' ही नाटके स्वतः स्वाहिलीत आणली. या भाषेत मोठा विचार मांडता येतो, हे त्यांना आपल्याच लोकांना दाखवायचे होते. शेजारी रवांडात १९९४ च्या वंशसंहारात काय झाले आणि केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर जमातीजमातींत काय झाले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. टांझानियाच्या मुख्य भूमीवर तसे घडले नाही. ज्याने हे साधले त्याला अपयशी कसे म्हणायचे?

कोरडवाहू

धागाकर्त्यांनी भाषेबद्दल लिहिले ते मान्य आहे, जरी व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी आणि जर्मन कारभाराने स्वाहिली आधीच आतल्या भागात नेऊन ठेवली होती, हे सांगायला हवे होते. पण ज्या माणसांच्या जिवावर हा प्रयोग झाला त्यांचा उल्लेखच या लेखात नाही, याचे मला वाईट वाटते.

न्येरेरे यांच्या समाजवादाचे नाव 'उजामा', म्हणजे कुटुंबभाव. समाजवादाचा मार्ग जाहीर करणाऱ्या १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर शेतकऱ्यांनी आपखुशीने एकत्र येऊन सामूहिक गावे वसवावीत, असे सांगितले गेले. लोक हवे तितके आले नाहीत, म्हणून १९७३ च्या नोव्हेंबरात न्येरेरे यांनी जाहीर केले की १९७६ अखेर गावात राहायला जाणे हा आता हुकूम आहे. त्यानंतरच्या तीन वर्षांत लक्षावधी माणसे उचलून रस्त्याकडेला आखलेल्या वस्त्यांमध्ये नेऊन टाकली गेली, आणि जी परत फिरण्याची शक्यता होती त्यांची जुनी घरे कित्येक ठिकाणी जाळली गेली. रस्त्याकडेची जागा अधिकाऱ्याच्या गाडीला सोयीची असते. पाणी कुठे आहे, काळी जमीन कुठे आहे, गुरे कुठे चरतात, याच्याशी तिचा संबंध नसतो. शेत मैलोगणती दूर गेले, पेरणीचे दिवस स्थलांतरात गेले, त्यातच १९७४ चा दुष्काळ आला आणि परदेशी चलनाची गंगाजळी धान्य आयात करण्यात संपली.

मी स्वतः धरणामुळे उठलेल्या गावातला आहे. आजोबा नव्या गावठाणात तीस वर्षे राहिले, पण 'आपलं गाव' म्हणताना त्यांचा हात नदीच्या दिशेलाच जायचा. त्यामुळे 'लोकांच्या भल्यासाठी' हलवलेल्या वस्तीविषयी मला तटस्थपणे लिहिता येत नाही, आणि तसे लिहावे असेही वाटत नाही.

एक प्रसंग सांगतो. इरिंगा भागात साईदी म्वामविंदी नावाचा मक्याचा शेतकरी होता. २५ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, तो शेतात असताना उजामा राबवणारे प्रदेशाचे आयुक्त विल्बर्ट क्लेरू तिथे आले आणि दोघांत बाचाबाची झाली. म्वामविंदीने घरातून बंदूक आणून त्यांना गोळी घातली, प्रेत त्यांच्याच गाडीत ठेवले, गाडी चालवत इरिंगाच्या पोलीस ठाण्यात नेली आणि तो स्वतःहून हजर झाला. त्याला फाशी झाली. खुनाचे समर्थन कोणीही करणार नाही, पण शेतकरी इतका कोंडीत सापडतो तेव्हा वरच्या धोरणात काही बिघडले आहे, एवढे तरी म्हणायला हवे.

दर्यावर्दी

नोकरीनिमित्त सहा वर्षे दार-एस-सलाममध्ये काढली, म्हणून लिहितो. दोन्ही बाजू मला तिथे एकाच इमारतीत भेटल्या.

आम्ही राहत होतो त्या जुन्या इमारतीच्या माथ्यावर सिमेंटमध्ये मूळ मालकाचे नाव आणि बांधकामाचे साल कोरलेले होते. त्याच घराण्यातल्या एक गुजराती आजी दुसऱ्या मजल्यावर भाडे भरून राहत होत्या. १९७१ च्या कायद्याने एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारजमा झाल्या, आणि दहा वर्षांहून जुन्या इमारतीला भरपाईही मिळाली नाही. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण शहरातल्या इमारती कोणाच्या होत्या हे सर्वांना ठाऊक होते. सासऱ्यांनी बांधलेल्या जिन्यावरून त्या रोज भाडेकरू म्हणून चढत. असे असूनही न्येरेरे यांच्याबद्दल त्या 'म्वालिमु', म्हणजे गुरुजी, असेच बोलायच्या. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "घर गयूं, पण देश तो न गयो ने." १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढले, तेव्हा न्येरेरे यांनी त्याला उघडपणे वंशद्वेष म्हटले होते, आणि बराच काळ त्यांचे अर्थमंत्री राहिलेले अमीर जमाल भारतीय वंशाचे होते. आजींच्या त्या वाक्यामागे हा सगळा हिशेब होता.

भाषेचा अनुभव तर रोजचाच होता. तिथे धाकटा माणूस थोरल्याला 'शिकामू' म्हणतो, त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात, आणि थोरला 'माराहाबा' म्हणून तो नमस्कार स्वीकारतो. आमच्या कार्यालयात सुकुमा, चागा आणि हाया अशा तिन्ही जमातींचे लोक होते. कोण कुठला हे मला दुसऱ्या वर्षी कळले, तेही कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने. गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' आणि लाखाला 'लाकी' म्हणणाऱ्या त्या भाषेने मलाही फार दिवस परके राहू दिले नाही.

दीपमाळ

कोरडवाहू यांचे लिखाण वाचून मी दोन दिवस थांबलो. स्थलांतराची सक्ती झाली हे मी नाकारत नाही आणि मूळ लेखात ती यायला हवी होती. पण आर्थिक पडझडीचा सगळा भार तिच्यावर टाकू नये. घायपाताचा धागा हे या देशाचे निर्यातीचे मोठे पीक. कृत्रिम धाग्यामुळे साठच्या दशकात त्याचा भाव कोसळला. १९७३ मध्ये तेल महागले. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमीनचे सैन्य टांझानियाच्या सरहद्दीवरच्या कागेरा भागात घुसले, तेव्हा टांझानियाने युद्ध अंगावर घेतले आणि एप्रिल १९७९ मध्ये कंपाला घेऊन त्याची राजवट संपवली. त्या खर्चातून देश पुढे कित्येक वर्षे सावरला नाही. मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा 'फ्रेलिमो' पक्ष १९६२ मध्ये दार-एस-सलाममध्येच स्थापन झाला आणि दक्षिण आफ्रिकेच्या निर्वासितांना आसरा मिळाला तो इथेच. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून शेजाऱ्याला स्वातंत्र्य मिळवून देणारे देश किती आहेत? १९९५ चा पहिला गांधी शांतता पुरस्कार भारताने न्येरेरे यांना दिला, तो याच जाणिवेने, असे मी मानतो.

कोरडवाहू

युद्ध आणि तेल यांचा वाटा मलाही मान्य आहे, पण घायपाताचे उत्पादन १९६४ मध्ये दोन लाख टनांवर होते ते ऐंशीच्या दशकात त्याच्या पाव हिश्शाच्याही खाली गेले. मळे सरकारी झाल्यावर ते चालवणारी माणसे नव्हती, हे केवळ भावाने झालेले नाही.

मला सर्वांत जास्त खुपते ते रुवुमाचे उदाहरण. दक्षिणेतल्या त्या भागात शेतकऱ्यांनी कोणी न सांगता, साठच्या दशकाच्या आरंभीच, लितोवा या गावापासून सुरुवात करून सामूहिक गावे उभी केली होती. स्वतःची शाळा, स्वतःची गिरणी आणि निर्णय स्वतःच्या सभेत. न्येरेरे यांच्या पुस्तकी उजामाचे जिवंत रूप ते हेच, आणि त्यांना स्वतःलाही त्याचे कौतुक होते. १९६९ मध्ये न्येरेरे यांच्याच सत्ताधारी पक्षाने या गावांची संघटना बरखास्त केली, कारण ती पक्षाच्या हाताबाहेर होती. १९७६ मध्ये सहकारी संघही गेले. चागा शेतकऱ्यांचा किलिमांजारोतला कॉफी संघ तर १९३३ पासून चाललेला. सहकारी सोसायटीच्या वजनकाट्यावर ज्यांचे बालपण गेले त्या आपल्याकडच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

दीपमाळ

रुवुमाच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच नोंदवतो, की १९८५ मध्ये न्येरेरे स्वतःहून पायउतार झाले, आणि त्याच्या आदल्याच वर्षी एका मुलाखतीत त्यांनी कबूल केले होते की पुन्हा सुरुवात करायची झाली तर स्थानिक स्वराज्य संस्था आणि सहकारी संघ मोडण्याची चूक आपण करणार नाही. सत्तेवर असताना असे बोलणारा राष्ट्राध्यक्ष मला तरी दुसरा आठवत नाही.

कोरडवाहू

ती मुलाखत मीही वाचली आहे आणि ती वाचून त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला होता. पण त्यांनी मोजलेल्या त्या दोन चुकांमध्ये १९७३ चा हुकूम नाही.