थेट पदव्युत्तर मायक्रोच घ्या

गणितात एमएस्सी करताना अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा पेपर आधी घ्यावा का, असं विचारलंय. माझ्या मते नको. मागणी-पुरवठ्याच्या रेघा ओढण्यात अख्खं सत्र जाईल.

थेट पदव्युत्तर मायक्रो, म्हणजे ग्राहक आणि कंपन्यांच्या निर्णयांचं अर्थशास्त्र, घ्या. तिथे ग्राहकाची पसंती म्हणजे संचावरचा क्रमसंबंध (कशापेक्षा काय जास्त आवडतं याची क्रमवारी), आणि बाजारात समतोल असतो हे दाखवायला स्थिरबिंदू प्रमेय (ठरावीक अटींत फलन लावूनही जागचा न हलणारा बिंदू असतोच, असं सांगणारं). गणितज्ञ काकुतानीने ते १९४१ मध्ये दिलं, नॅशने १९५० मध्ये खेळांच्या समतोलासाठी वापरलं. १९८३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारा डेब्रू तर मुळात गणिताचाच विद्यार्थी! मॅक्रोमध्येही, म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात, बेलमन समीकरणाआडून (टप्प्याटप्प्याने सर्वोत्तम निर्णय शोधायचं समीकरण) बानाखचं स्थिरबिंदू प्रमेय डोकावतंच.

फसगत होते ती इकॉनॉमेट्रिक्समध्ये, म्हणजे विदेवरून आर्थिक प्रश्नांची उत्तरं शोधणाऱ्या संख्याशास्त्रात. सिद्धता सोप्या वाटतात, म्हणून मी गाफील राहिलो आणि पहिल्याच चाचणीत सपाटून आपटलो. जास्त शिकलेल्यांना पगार जास्त मिळतो, पण तो शिक्षणामुळे, की मुळातच हुशार असलेली माणसं जास्त शिकतात म्हणून? नुसत्या प्रमेयाने हे सुटत नाही. विदा कुठून आली, कोण त्यातून गळलं, हे खणत बसावं लागतं. आपल्या गणितवाल्यांना ती सवयच नसते.

इकॉनॉमेट्रिक्सच्या सत्रात दुसरा जड विषय ठेवू नका. बैजिक टोपॉलॉजी तर नकोच नको.