स्नूकरची महागडी स्टिक खरंच घ्यावी का? २८ हजारांचा प्रश्न आहे

धरमपेठचा_ब्लू
नमस्कार मंडळी. नागपूरचाच आहे, दोन वर्षं झाले स्नूकर खेळून राहिलो, आठवड्यातून चार दिवस तरी ऑफिस सुटलं की सरळ क्लब. आतापर्यंत क्लबच्याच स्टिकनं खेळलो, सर्वात मोठा ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग केलेले पॉइंट, ४१. आता स्वतःची घ्यायची आहे आणि तिथंच अडलो. एका दुकानात ॲश लाकडाची शाफ्ट (पुढचा दांडा), एबनी लाकडाचा बट (मागचा जाड भाग), हँड स्प्लाइस म्हणजे हातानं जोडलेला, थ्री क्वार्टर जॉइंट म्हणजे दोन भागांत आणि पुढचा भाग पाऊण लांबीचा, ९.५ एमएम टिप (टोकावरची चामड्याची चकती) अशी पाहिली, केससकट २८ हजार सांगितले. तिच्याच बाजूला साडेसहा हजारांची होती, तीपण ॲश, तीपण थ्री क्वार्टर, टिपपण तेवढीच. दोन्ही हातात घेऊन पाहिल्या, फरक जाणवला पण नेमका काय ते सांगता येत नाही, महागडीचा मागचा भाग जड आणि भरीव वाटला, हात एकदम शांत झाला. दुकानदार म्हणतो हिच्यानं गेम वीस पॉइंटनं वाढेल. पैसे आहेत, वर्षभर पगारातून बाजूला टाकून टाकून जमवले, म्हणूनच चूक नाही करायची. ज्यांनी महागडी घेतली किंवा मुद्दाम नाही घेतली त्यांनी सांगा, खरंच फरक पडते का?

ब्राउन_सदर
भाऊ तुझे दोन प्रश्न एकात मिसळून गेले आहेत. स्वतःची स्टिक घ्यावी का? हाव, उद्याच घे. २८ हजारांची घ्यावी का? माझ्या मते नाही, निदान आत्ता तरी नाही.

मी बावीस वर्षं खेळून राहिलो. क्लबच्या रॅकमध्ये काय असते पाहा, सोमवारी हातात आली ती १७ औंसाची, बुधवारी आली ती १९ ची, एकीची टिप १० एमएम आणि दुसरीची कोण्या पोट्ट्यानं पॉलिश पेपरनं घासून घासून चपटी केलेली. १२ बाय ६ फुटाचं टेबल, ५२.५ एमएमचा बॉल, तिकडच्या कोपऱ्यातला रेड बॉल पॉट करायचा म्हणजे खिशात घालायचा आणि हातातलं हत्यार रोज वेगळं. चुकलं की आपल्याला वाटते हात चुकला. खरं म्हणजे हाताला शिकायची संधीच भेटलेली नसते. एकच स्टिक सहा महिने वापरली की साइड, म्हणजे पांढऱ्या बॉलच्या मध्याऐवजी डावी उजवीकडं, मारल्यावर तो किती बाजूला ढकलला जातो ते हाताला पाठ होते, मग आपण त्याचा विचारच नाही करत. हा फायदा साडेसहा हजारांच्या स्टिकमध्येपण तेवढाच भेटते.

स्टीफन हेन्ड्रीचं उदाहरण माहीत असेलच, १९९० ते १९९९ मध्ये सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन, आणि सातही वेळा एकच स्टिक, लहानपणापासूनची साधी स्वस्तातली. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली तेव्हा बातम्या झाल्या होत्या. त्या स्टिकची किंमत तिच्या लाकडात नव्हतीच, त्याच्या हातानं तिच्यात घातलेल्या वर्षांत होती.

आता २८ हजार जातात कुठं ते सांगतो. बरेचसे मागच्या बटमध्ये. हँड स्प्लाइस म्हणजे ॲशच्या दांड्याला मागून चार बाजूंनी उतार देऊन त्यावर एबनीच्या फळ्या चिकटवायच्या आणि रंध्यानं हातानं गोल करत आणायचं. त्याची टोकं पाहा, गोलसर आणि थोडी कमीजास्त येतात, मशीनच्या स्प्लाइसची टोकं सुईसारखी अणकुचीदार. दिवसांचं काम असते ते, कारागिराला पैसे भेटलेच पाहिजे. एबनी म्हणजे आबनूस, आपल्या गोंदिया गडचिरोलीकडचा तेंदू आहे ना ज्याची पानं बिडीला जातात, त्याच कुळातलं झाड. वजनदार लाकूड, म्हणून तुझा हात शांत झाला. ते खरंच जाणवते, खोटं नाही. पण पॉट होतो तो पुढच्या १० एमएममध्ये.

टिपवाला_बर्डी
वरच्या दादांचं शेवटचं वाक्य पकडून लिहितो. माझे वडील मार्कर होते, तीस वर्षं त्यांनी क्लबमध्ये बॉल लावले आणि टिपा बसवल्या, मी त्यांच्याजवळच शिकलो, आजपण संध्याकाळी दोन क्लबमध्ये टिपा बसवून देतो. माझ्यापुढं ५० हजारांच्या स्टिका येतात आणि टिप अशी असते की पाहून वाईट वाटते. चॉक धरत नाही, कडेनं छत्रीसारखी बाहेर आलेली, वरून काचेसारखी चकचकीत. मग म्हणतात स्क्रू बॅक, म्हणजे पांढरा बॉल मागं ओढणं, येत नाही.

टिप बसवायची म्हणजे आधी जुनी ब्लेडनं काढायची, फेरूलवर, म्हणजे टोकाच्या पितळी कड्यावर, जुन्या गोंदाचा एक कणपण राहू द्यायचा नाही, पितळ आणि लाकूड एका पातळीत आहे का ते नखानं तपासायचं. नख अडलं तर काम अर्धवट. मग नव्या टिपेची पाठ सपाट पेपरवर आठ आकडा काढत घासायची, गोंद पातळ लावायचा, टिप दाबायची आणि स्टिक उलटी करून टिपेवर उभी धरायची, घाई नाही. सुकली की ब्लेडनं कड फेरूलच्या बरोबरीत उतरवायची आणि वरून घुमटासारखा आकार द्यायचा. नवी टिप पहिल्या दिवशी थोडी उंच आणि सैल लागते, दोनचार दिवस खेळून दबली की मग तिचा खरा आवाज येतो, ठक असा भरलेला. फुटका आवाज आला की समजायचं खाली कुठंतरी गोंद सुटला.

साधी एल्कमास्टर नावाची टिप बसवून दीडदोनशे रुपयात काम होते. भाऊ तू अजून क्लबच्याच स्टिकनं खेळतो ना, मग आधी एक स्टिक पक्की धर, मार्करला सांगून बाजूला ठेव, तिला नवी टिप बसव आणि महिनाभर खेळून पाहा. ४१ च्या वर गेला तर माझं म्हणणं पटेल.

आणि दुकानात टेबलवर लोळवून स्टिक सरळ आहे का नका पाहू. बटच्या शेवटी बिल्ल्याच्या जागी एक बाजू सपाट असते आणि दांडा निमुळता, त्यामुळं सरळ स्टिकपण डुगडुगते. एक डोळा मिटून बटकडून टिपेकडं पाहायचं, हळूहळू फिरवत. ॲशच्या रेषा पुढं बाणासारख्या दिसतात, ते बाण वरच्या बाजूला एका ओळीत नीट आले तर लाकूड चांगलं चिरलेलं आहे. खेळतानापण रोज ते बाण वर करूनच स्टिक धरायची, म्हणजे प्रत्येक वेळी लाकूड एकाच बाजूनं काम करते.

मानेवाडा_१४७
थोडं वेगळं मत मांडतो. मी चार वर्षांपूर्वी ३५ हजारांची घेतली, थायलंडची, आणि आजपर्यंत एक दिवस पस्तावलो नाही. ब्राउन दादा म्हणतात पैसे बटमध्ये जातात, अर्धं बरोबर आहे, पण चांगला कारागीर शाफ्टसुद्धा निवडून घेतो. दहा दांडे पाहायचे आणि त्यातला एक ठेवायचा, ज्याच्या रेषा सरळ, मध्ये गाठ नाही, वाकवून पाहिला तर कडक. स्वस्तातल्या गठ्ठ्यात ही निवड कोणी करत नाही. माझी आधीची पाच हजारांची स्टिक इतकी लवचिक होती की जोरात स्टन (पांढरा बॉल टक्कर होताच थांबवणारा फटका) मारला की पुढचं टोक थरथरायचं आणि साइडला बॉल कुठं जाईल सांगता यायचं नाही. ती स्टिक आणखी दहा वर्षं वापरली असती तरी हाताला काय पाठ झालं असतं? तिचंच काही ठरलेलं नव्हतं.

हेन्ड्रीचं उदाहरण सगळेच देतात, पण दुसरा वर्ल्ड चॅम्पियन रॉनी ऑ'सलिवन अनेक वर्षं स्टिका बनवणाऱ्या जॉन पॅरिसच्या हातच्या स्टिकनं खेळला ते कोणी नाही सांगत. आणि एक, मी रोज संध्याकाळी केस उघडतो, दोन भाग जोडतो, पितळी जॉइंट शेवटच्या आट्यात घट्ट बसतो ना, तिथंच ऑफिस डोक्यातून निघून जाते. हे कोणत्या हिशोबात धरायचं मला माहीत नाही पण माझ्यासाठी ते ३५ हजारांत धरलेलं आहे. पैसे मेहनतीचे आहेत, जीव लागला आहे, तर भावानं घ्यावी.

ब्राउन_सदर
मानेवाडा भाऊ, शाफ्टच्या निवडीचं मान्य, ते मी लिहायला पाहिजे होतं. पण मग साडेसहा आणि २८ च्या मध्ये बरीच जागा आहे ना, १० ते १२ मध्ये मशीन स्प्लाइसची, साध्या बटची, पण कडक शाफ्टची स्टिक शोधली तर भेटते, पाच पाहाव्या लागतील एवढंच. वीस पॉइंटवाली गोष्ट मात्र कोण्या पोट्ट्याला सांगू नये, मला त्याचाच राग आला. ४१ चा ब्रेक करणाऱ्याचे वीस पॉइंट ब्लॅकवरची पोझिशन, म्हणजे ब्लॅक बॉलसाठी पांढरा नीट जागी आणणं, शिकून वाढतात.

कूलरच्या_हवेत
खेळणारा साधाच आहे पण नागपूरकर म्हणून एक सांगणं भाग आहे, कारण माझं नुकसान झालेलं आहे. ॲश आणि मेपल दोन्ही थंड देशातली झाडं. आपल्याकडं मे मध्ये ४५ डिग्री आणि कोरडी ठक्क हवा, जुलैत भिंतीला ओल. लाकूड आधी आकसते मग फुगते. माझी २२ हजारांची स्टिक, एका उन्हाळ्यात हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवायचो, समोरच खिडकीतला मोठा कूलर. दिवसभर वाळ्याची ओली हवा एका बाजूनं, मागून तापलेली भिंत. जूनमध्ये डोळा लावून पाहिलं तर शाफ्ट मध्यातून डावीकडं गेलेली. दोन जणांना दाखवली, सरळ नाही झाली. माझा मोठा भाऊ पहिल्या पगारातून मला घेऊन आला होता ती, म्हणून फेकली नाही, आजपण पलंगाखाली आडवी ठेवली आहे.

तेव्हा कितीचीपण घ्या, केसमध्ये आडवी ठेवा, कूलरपासून दूर, आणि गाडीच्या डिकीत तर बिलकुल नाही. उन्हात गाडी उभी राहिली की टिपेचा गोंदपण सुटते.

बाकी हा खेळ १८७५ मध्ये आपल्या शेजारच्या जबलपूरच्या छावणीत जन्मला, तेव्हाच्या साहेबांच्या स्टिका याच उन्हात कशा टिकत असतील याचा मी खूपदा विचार करतो.

टिपवाला_बर्डी
कूलरचं अगदी बरोबर. त्यात भर, वर्षातून एकदोनदा शाफ्टला जवसाचं तेल लावा, आपल्याकडं तेलाच्या घाण्याचं कच्चं भेटते तेच. चारपाच थेंब फडक्यावर, चोळायचं, दहा मिनिटांनी कोरड्या कपड्यानं पूर्ण पुसून काढायचं, चिकट राहिली तर ब्रिजवर, म्हणजे पुढं टेकवलेल्या हातावर, बोटात अडकेल. आणि ते तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापते, बोळा केलेला असला तर पेट घेऊ शकते, उन्हाळ्यात तर हमखास लक्ष ठेवा. मोकळं पसरून वाळवायचं.

धरमपेठचा_ब्लू
सर्वांचे मनापासून आभार, पाच आठवड्यांनी लिहितो कारण आधी टिपवाला दादांनी सांगितलं ते करून पाहायचं होतं. क्लबची एक १८ औंसाची स्टिक मार्करकाकांना सांगून बाजूला ठेवली, नवी टिप बसवली, महिनाभर फक्त तीच. तिसऱ्या आठवड्यात ४७ आला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लांबच्या पॉटला आधी जो धडधड व्हायचा तो कमी झाला.

मग मागच्या रविवारी टिपवाला दादा स्वतः माझ्यासोबत दुकानात आले, त्यांचा वेळ मोडून, हे मी विसरणार नाही. २८ वाली त्यांनी डोळा लावून पाहिली, म्हणाले लाकूड चांगलं आहे, काम पण चांगलं आहे, यात नाव ठेवायला जागा नाही. मग १० ते १२ हजारांतल्या सगळ्या काढायला लावल्या, सात होत्या, दुकानदार शेवटी शेवटी चिडला. चार वाकड्या निघाल्या, नव्या कोऱ्या. एकीचे बाण बाजूला गेलेले. उरलेल्या दोनपैकी एकीला नख लावून टकटक केलं आणि माझ्या हातात दिली. ११ हजारांची, मशीन स्प्लाइस, बट साधा काळा, पण शाफ्ट अशी की टिपेपर्यंत नजर अडत नाही. तीच घेतली. मानेवाडा दादा, जॉइंट शेवटच्या आट्यात बसतो तेव्हाचं तुम्ही लिहिलं होतं ना, ते माझ्या ११ हजारांत पण आलं.

उरलेले पैसे तसेच ठेवले आहेत, ब्रेक शंभराच्या वर गेला की हँड स्प्लाइसची घ्यायची. आता एकच विचारायचं राहिलं, नवीन स्टिकला जवसाचं तेल आत्ताच लावू का?

टिपवाला_बर्डी
आत्ता नको, पावसाळा सुरू आहे, लाकडात ओल असेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की घेऊन ये, सोबत लावू. तेवढ्यात टिप पण दबलेली असेल, आकार देऊन देतो.