विनाचालक शेअर गाडी आली तर बसाल का?

गिरणाकाठ: रेल्वेनं जळगाव गाठणं सोपं, दमछाक होते ती स्टेशनच्या पुढे. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, रात्री उशिरा तर मागतील ते भाडं. या छोट्या टप्प्यासाठी आठ-दहा सिटांची विनाचालक गाडी आली तर मी बिनधास्त बसेन. सुरुवात बांभोरीच्या विद्यापीठातून करा. मे महिन्यात पोरं गेटपासून विभागापर्यंत उन्हात तापत जातात. आवारात वेग कमी, मालट्रकची वर्दळ नाही.

काळीपिवळी: आवारात चालेल हो भाऊ, पण उद्या तीच अजिंठा चौफुलीवर आणाल ना? तिथे ट्रॅक्टर, हातगाडी, उलट्या बाजूनं घुसणारी मोटारसायकल. शिवाय गडकरींनी 2017 मध्येच सांगितलंय, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जाणार असतील तर अशा गाड्या येऊ देणार नाही. मला ते पटतं. आमच्या गल्लीत रिक्षाचा हप्ता फेडत पोरं शिकवणारी घरं आहेत.

गिरणाकाठ: अपघाताचंच म्हणाल तर लास व्हेगसला 2017 च्या नोव्हेंबरात अशी शटल पहिल्याच दिवशी ठोकली गेली. शटल थांबलेली होती, रिव्हर्स घेणारा ट्रक माणूस चालवत होता.

भुसावळची: थांबली आणि थांबूनच राहिली, दादा! आत मदतनीस होता, पण हाताने चालवायचा कंट्रोलर त्याच्या हाताशी नव्हता, हे तपासात निघालं. आपला रिक्षावाला असता तर हॉर्न दाबला असता, जमलं तर गाडी मागे घेतली असती. आणि माझी भीती धडकेची नाहीच. सेकंड शिफ्ट सुटल्यावर एमआयडीसीतून स्टेशनला यायचं, गाडीत तीन अनोळखी पुरुष आणि पुढची सीट रिकामी. कोणी अंगचटीला आलं तर सांगू कुणाला? आज रिक्षावाल्याला "दादा, थांबवा" म्हणता येतं, तो वळून बघतो. कॅमेरा बघेल, पण उतरून मध्ये पडणार नाही. मदतनीस असेल तरच मी बसेन. रात्री तर नक्कीच.

गिरणाकाठ: ताई, हे पटलं. पण मदतनिसाचा पगार धरला तर भाडं रिक्षाएवढंच होईल.

काळीपिवळी: होऊ द्या. आणि त्या जागेवर आधी स्टॅंडवरचीच पोरं घ्या, त्यांना रस्तेही माहीत आहेत आणि रोजची गिऱ्हाइकंही. एवढं लेखी मिळालं तर माझा विरोध मागे.