बॉइड टॉवर ते ग्रीन केप : दोन दिवसांत झेपेल का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या बीओवा राष्ट्रीय उद्यानातला ‘लाइट टू लाइट’ ट्रेक, बॉइड टॉवरपासून ग्रीन केपच्या दीपगृहापर्यंत, साधारण ३० किमी. रायगड-राजमाची केलेत, पण तंबू पाठीवर घेऊन कधी चालले नाही. मुक्काम कुठे करू? आणि बिटांगाबीचे अवशेष वाट वाकडी करण्यासारखे आहेत का?

उत्तर : झेपेल, पण दोन दिवसांत धावपळ होते; मी तीन घेतले. सॉल्टवॉटर क्रीक आणि बिटांगाबी, दोन्हीकडे तंबू लावता येतो, बुकिंग मात्र आधी करा. चढ मोठे नाहीत. दम काढतात ते सततचे चढउतार आणि पाठीवरचं पाणी. वाटेत मोवारीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघंच होतो; लाल खडक, खाली हिरवं पाणी. तिथे मी तासभर नुसता बसलो, आणि पुढे अंधारात तंबू ठोकला!
अवशेष म्हणजे इम्ले बंधू या जुन्या वसाहतकारांच्या १८४०च्या दशकातल्या अर्धवट घराच्या दगडी भिंती. किल्ल्याच्या अपेक्षेने जाऊ नका. झाडीत अचानक समोर येतात, तीच गंमत.

दुसरं उत्तर : बॉइड टॉवरही बघा. दीपगृह म्हणून बांधला, पण दिवा कधी लागलाच नाही. त्यावरून देवमासे हेरायचे. ग्रीन केपचा दिवा १८८३चा. तरी १८८६मध्ये ‘ली-ई-मून’ हे जहाज तिथेच फुटलं, ७१ माणसं गेली.

प्रश्नकर्ती : मग तीनच दिवस. गाडी शेवटच्या टोकाला ठेवू का?

उत्तर : हो, नाहीतर तेवढंच परत चाला.