वडिलांच्या गीतमालेच्या वहीत ‘डिस्को दिवाने’ का नाही?

वरणगावकर (प्रश्न)

भुसावळच्या आमच्या घरी माळा आवरताना वडिलांची एक दोनशेपानी वही सापडली. १९८१ ते १९८६ या काळात दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर लागणाऱ्या गीतमालेतील गाणी त्यांनी पायदानांच्या, म्हणजे क्रमवारीतील स्थानांच्या, क्रमाने उतरवून ठेवली आहेत. शॉर्टवेव्हची खरखर वाढून जिथे गाण्याचे नाव ऐकू आले नाही, तिथे त्यांनी प्रामाणिकपणे नुसती रेघ ओढली आहे. त्याच पेटीत नाझिया हसनच्या ‘डिस्को दिवाने’ची आणि मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ची कॅसेट निघाली, दोन्हींवरची अक्षरे बोटांनी पुसली गेली आहेत. इतक्यांदा ऐकलेल्या गाण्यांचा वहीत एकदाही उल्लेख नसावा, हे कसे? परदेशातील क्रमवाऱ्या निराळ्या रीतीने ठरत असत काय?

सिलोनप्रेमी, धुळे

गीतमाला ही हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी होती, त्यामुळे ‘डिस्को दिवाने’ला तिथे दारच बंद होते. गंमत अशी, की त्याच नाझियाचे, ‘डिस्को दिवाने’च्याच संगीतकार बिद्दूंनी संगीत दिलेले ‘आप जैसा कोई’ १९८० च्या ‘कुर्बानी’त असल्यामुळे चित्रपटगीत ठरले आणि पंधराव्या वर्षी तिला फिल्मफेअर मिळवून गेले, १९८१ चा ‘डिस्को दिवाने’ मात्र गैरफिल्मी अल्बम होता. गीतमालेचे निवेदक अमीन सयानींची क्रमवारी रेकॉर्डविक्रेत्यांकडील खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवर ठरत असे. १९८२ च्या वार्षिक यादीत पहिले आलेले गाणे ‘अंग्रेजी में कहते हैं’ हे होते. गीतमालेत इंग्रजीला मिळालेला मान म्हणायचा तर एवढाच!

जुना श्रोता

परदेशाबद्दल थोडे. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड हॉट १००’ ही यादी १९५८ पासून निघते आणि तीत सुट्या गाण्याचा खप व रेडिओवरील वाजवणूक यांचा मेळ घातला जाई. १९८३ मध्ये ‘थ्रिलर’मधले ‘बिली जीन’ तिथे सात आठवडे पहिले होते. ब्रिटनमध्ये मुख्यतः दुकानांतील खपच मोजत, म्हणूनच बीबीसीने १९८४ च्या जानेवारीत बंदी घातलेले ‘रिलॅक्स’ हे गाणे त्याच महिन्यात पहिल्या क्रमांकावर जाऊ शकले.

तरीही तिकडचे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे कोणी समजू नये. अमेरिकेत ऐंशीच्या दशकभर दुकानदार कोणते गाणे जास्त खपले ते सांगत आणि त्यावर क्रम लागे; विक्रीच्या वेळीच बारकोडवरून होणारी नोंद बिलबोर्डने १९९१ मध्ये स्वीकारली. तोवर ‘अमुक गाणे पहिले’ याचा अर्थ बराचसा ‘दुकानदारांच्या म्हणण्यानुसार पहिले’ असाच होता, आणि त्या दृष्टीने आपले श्रोता संघ काही कमी विश्वासार्ह नव्हते, असे माझे मत आहे.

फीतवाला, जळगाव

वरील सर्व उत्तरांत आमचा धंदा राहून गेला. फुले मार्केटजवळच्या एका दुकानात मी कॅसेटी भरून देण्याचे काम करीत असे. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी देई, आणि आम्ही एक-एक गाणे उतरवून, शेवटी कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही कान मोडून देत असू, म्हणजे घरी कोणी चुकून त्यावर दुसरे काही भरू नये. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे. त्यात कोणती गाणी बसतील याचा हिशेब आधी करावा लागे, कारण शेवटचे गाणे मध्येच तुटले की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. रावेर-यावलकडची मुले केळीचे पैसे हाती आले की याद्या घेऊन येत आणि त्यांत हिंदीच्या जोडीला बोनी एम, ॲबा, मॉडर्न टॉकिंग हटकून असत. हा खप कोणत्याही क्रमवारीत कधी धरला गेला नाही, आणि खरे सांगायचे तर हक्कांच्या दृष्टीने तो धरला जाण्याजोगा नव्हताही. आपल्या वडिलांची ‘थ्रिलर’ छापील, म्हणजे कंपनीची, आहे की दुकानात भरलेली, ते कान पाहून सांगा.

वरणगावकर

पाहिले. कान मोडलेले आहेत, आणि वरचा कागद हाताने लिहिलेला आहे. आपले वाचून वही उलटी करून पाहिली, तर मागच्या पानावर वडिलांच्या अक्षरात ‘बाजू अ’ अशी यादी आणि प्रत्येक गाण्यापुढे मिनिटे मांडलेली सापडली. बेरीज तिसाच्या पुढे गेल्यामुळे शेवटचे ‘बिली जीन’ खोडून त्याखाली ‘बीट इट’ लिहिले आहे.

‘बिली जीन’ बाजू ब वर पहिलेच आहे.