चर्चा: कारखान्यात सरावासाठी खरी आग पेटवावी का?

मळीवाला (वाळवा तालुका)

एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्टला आहे. नाव सांगत नाही, नोकरी आहे. अग्निशमन सप्ताह आला की आमच्याकडं गेटजवळच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा ट्रे मांडतात, डिझेल-पेट्रोल ओततात, पेटवतात आणि एकेकाला आग विझवायचा सिलिंडर घेऊन पुढं काढतात. मागच्या एप्रिलात माझा नंबर सातवा. माझ्या आधीच्या गड्यानं आग विझवली होती, पत्रा तापलेलाच होता, कडेनं धूर निघत होता. पुन्हा आग धरेना म्हणून शिकवणाऱ्यानं पाच लिटरचा कॅन उचलला आणि सरळ ट्रेत पेट्रोल ओतायला सुरुवात केली. भक्कन झालं. जाळ कॅनच्या तोंडापर्यंत चढला, त्यानं घाबरून कॅन फेकला, तो आमच्याच बाजूला. माझ्या भुवया आणि उजव्या हातावरचे केस गेले. शेजारच्याची टेरिकॉटची पँट वितळून पोटरीला चिकटली, पंधरा दिवस ड्रेसिंगला जात होता. पाण्याच्या नळीची होजरील होती, पण गुंडाळलेली, आणि व्हॉल्व्हवरचा माणूस चहाला गेलेला. रजिस्टरला काय लागलं? 'प्रात्यक्षिक यशस्वी. उपस्थिती 42.'

माझं मत सरळ आहे. कारखान्याच्या आवारात खरी आग पेटवणं बंद करा. रिकामा सिलिंडर हातात द्या, पिन कशी काढायची, नळी कशी धरायची ते दाखवा, बास.

जुना बंबवाला (मिरज)

तुझ्या भुवयांचं वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. नोकरीत असताना शेकड्यानं लोकांना शिकवलंय. कोरड्या सिलिंडरवर शंभर मार्क घेणारा गडी जाळासमोर पहिल्यांदा उभा राहिला की डोळे मिटतो आणि पावडर ज्वाळांच्या शेंड्यावर उडवतो. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. संपला की बुडातली आग तशीच, आणि हा रिकामा डबा घेऊन उभा. मारा बुडाशी, कडेपासून आत झाडल्यासारखा, हे तोंडानं सांगून हातात उतरत नाही. अंगाला धग लागावी लागते.

तुमच्याकडं झालं त्यात आगीचा दोष नाही, कॅनचा आहे. ट्रेत आधी पाणी, त्यावर मोजून डिझेल, पेट धरायला वर थोडंसं पेट्रोल, तेही ट्रे गार असतानाच. ओतून झालं की कॅनला झाकण, आणि कॅन वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब. कॅन जागेवरून हलल्याशिवाय काडी नाही. पेटवायला लांब दांड्याचा पलिता आणि पेटवणारा एकच माणूस. पाण्याची लाइन भरलेली, दाब आलेला, ब्रँच म्हणजे नळीचं तोंड हातात धरून माणूस उभा, हे सगळं पेटवायच्या आधी. वारा शिकणाऱ्याच्या पाठीवर. त्याच्या खांद्याशी शिकवणारा, बाकीचे दोरीच्या मागं. आग विझली म्हणजे इंधन संपलं असं नसतं. वर वाफ असतेच. पत्रा पाण्यानं गार करून हात लावून बघितल्याशिवाय पुन्हा थेंबभरही ओतायचं नाही. आम्ही एका तासात चारच माणसं घ्यायचो. तुमच्या 42 जणांना किती वेळ दिला होता?

आणि हो, 14 एप्रिल हा दिवस 1944 साली मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटात गेलेल्या 66 जवानांचा. त्यांच्या नावानं सप्ताह भरवायचा आणि चहाला गेलेल्या माणसाच्या भरवशावर जाळ करायचा, याची लाज वाटायला पाहिजे.

मळीवाला

दीड तास. फोटोसकट.

हिशेबनीस (कराड)

दोघांचंही ऐकलं, आता कारखान्याच्या बाजूनं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. 1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 38 मध्ये, कामगारांच्या बाबतीत भर कशावर होता? बाहेर पडायच्या वाटा माहीत असाव्यात आणि आग लागल्यावर काय क्रमानं करायचं याचं प्रशिक्षण असावं, यावर. प्रत्येक हेल्परनं जाळात घुसावं असं त्यात कुठं नव्हतं. आमच्याकडं निम्मी माणसं ठेक्याची, सीझन संपला की जाणार. त्यांना सायरन, वाट आणि जमायची जागा शिकवा. आग विझवणं बंबवाल्यांवर सोडा. मळीवाला म्हणतो ते बरोबर आहे, फक्त त्याचं कारण भुवया नसून हिशेब आहे.

जुना बंबवाला

साहेब, बंब तालुक्याच्या गावाहून येणार. जानेवारीत तुमच्या गेटपासून हमरस्त्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरची रांग असते, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यातून बंब काढून दाखवा, मग कलम वाचू.

पवनचक्की (सातारा)

वाऱ्याबद्दल एवढंच. आमच्या पठारावर वारा गाडीला धक्का देतो आणि मध्येच तोंड फिरवतो. पाठीवर वारा आहे म्हणून ट्रेजवळ गेलेल्या पोराच्या तोंडावर जाळ आलेला पाहिलाय. काठीला चिंधी बांधून ठेवा आणि एका माणसाचं काम फक्त चिंधीकडं बघायचं. चिंधी फिरली की शिट्टी. आमच्याकडं हे सुरू केल्यापासून दोनदा सराव अर्ध्यात थांबवला आणि दोन्ही वेळा वरच्यांची बोलणी खाल्ली.

सेफ्टीतली बाई (शिरवळ)

मी अधलीमधली नाही, बंबवाल्या काकांच्या बाजूची आहे, पण एक जोडते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला 1982 मध्ये सरावाच्याच आगीत दोन जवान गेले. त्यानंतर 1986 मध्ये तिथं जिवंत आगीच्या सरावासाठी वेगळं मानक आलं, एनएफपीए 1403. पाच शिकणाऱ्यांमागं एक शिकवणारा, सुरक्षेवर लक्ष ठेवायला एक वेगळा अधिकारी ज्याच्या हाती दुसरं काहीच काम नाही, आणि जखमी म्हणून खरा माणूस आत ठेवायचा नाही. तरी 2001 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल गावी नव्यानं भरती झालेल्या पोराला जखमी म्हणून घरात झोपवलं, खालच्या मजल्यावर सोफा पेटला आणि पोरगा गेला. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला होऊन तो दोषी ठरला.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आमच्याच एका साहेबांना मॉक ड्रिलच्या व्हिडिओसाठी धुराच्या खोलीत 'खरा माणूस' हवा होता. पोत्यात भुस्सा भरून माणूस केला, त्याला युनिफॉर्म घातला. साहेब म्हणाले, हलत नाही. मी म्हटलं, तेच तर हवंय.

हिशेबनीस

पाचाला एक? आमच्या अख्ख्या प्लांटला एक सेफ्टी ऑफिसर आहे, तोही पेपर भरत बसलेला असतो.

सेफ्टीतली बाई (शिरवळ)

मग पाचच जणांना घ्या. प्रत्येक शिफ्टमधून निवडलेले, कायम कामावरचे, सुती कपडे आणि बूट घातलेले. बाकीच्यांना वाट आणि सायरन. तुमचंही झालं, काकांचंही झालं.

लॅबवाली (सांगली)

एवढा वेळ वाचत होते, पण मूळ मुद्द्यावर कुणी बोललंच नाही. मळीवाले, तुमच्या टाकीत पेट्रोल आहे का? इथेनॉल आहे. त्याचा जाळ दिवसा उन्हात जवळजवळ दिसत नाही. लॅबमध्ये खिडकीत ठेवलेला स्पिरिटचा दिवा विझलाय समजून मी एकदा सरळ हात घातला होता, व्रण अजून आहे. तुम्ही पोरांना पिवळाजर्द, काळ्या धुराचा जाळ ओळखायला शिकवताय, आणि तुमच्याकडची आग निळसर, बिनधुराची. गडी तिच्यात चालत जाईल.

दुसरं, आगीवर पसरायचा साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही. अल्कोहोल त्यातलं पाणी ओढून घेतं, थर फाटतो आणि खालची आग उघडी. त्याला अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो. तुमच्या फोमच्या ड्रमवर काय लिहिलंय ते उद्या वाचून या. सरावाला मात्र तो ओतू नका. अशा कितीतरी फोममधली फ्लोरिनची रसायनं मातीत-पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाहीत, आणि आपले ओढे शेवटी कृष्णेलाच मिळतात. सरावासाठी बिनफ्लोरिनचा वेगळा फोम मिळतो.

आणि डिझेल गरीब म्हणून काका ते ओततात, पण आपल्या मानकात डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगीनं वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, किमान 35 अंश, एवढाच आहे. एप्रिलच्या दुपारी सांगलीत पारा 40 वर असतो. उन्हात ठेवलेल्या पत्र्यावरचं डिझेल तेव्हा गरीब राहत नाही.

जुना बंबवाला

डिझेलचं मान्य. आम्ही सकाळी सातला घ्यायचो, ते उन्हात सूट घालून पोरं चक्कर येऊन पडायची म्हणून. हे दुसरं कारण आज कळलं. इथेनॉलबाबत मात्र माझी चूकच आहे. आयुष्यभर ट्रेवरच शिकवलं, डिस्टिलरीवाल्यांनाही तेच.

मळीवाला

ड्रम बघून आलो. लेबल उन्हानं उडालंय, स्टोअरवाल्यालाही सांगता येईना कुठला फोम आहे ते. खरी आग पूर्ण बंद करा, हे माझं मागं घेतो. पण 42 जणांची जत्रा नको, यावर ठाम आहे. पुढच्या आठवड्यात सेफ्टी कमिटीची मीटिंग आहे. शिफ्टमागं पाच माणसं, सकाळची वेळ, आणि इथेनॉलचा जाळ दुरून एकदा सगळ्यांना दाखवायचा, असं लिहून देतोय. सातला शिफ्ट बदलते, म्हणून साडेसात.

हिशेबनीस

लिहून दे, पण फोमचं बिल कुठल्या खात्यातून काढायचं तेही लिही, नाहीतर कागद माझ्याच टेबलावर येऊन पडायचा.

जुना बंबवाला

आणि पेट्रोलचा कॅन कुणाच्या ताब्यात राहणार, त्याचं नाव टाक. हुद्दा नको, नाव.